वावरातले पाहुणे

हिंगणीत पाऊल ठेवल्यावर मी पहिला नमस्कार केला तो एका मडक्याला. आजही ते आठवलं की मी रस्त्यानं एकटाच हसत सुटतो आणि लोक वळून बघतात.

झालं असं, की माझी तिथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून बदली झाली होती. महादेवरावांचं वावर गावाच्या अलीकडे रस्त्याला लागूनच आहे, घरही वावरातच आहे आणि एक खोली रिकामी आहे, एवढी माहिती खिशात घेऊन मी बोर धरणाकडे जाणाऱ्या एसटीतून उतरलो. कुंपणापाशी बांधावर एक गृहस्थ बसले होते. डोक्यावर टोपी, पायावर पाय, मांडीवर पेपर उघडलेला. मी हात जोडून विचारलं, "महादेवराव आपणच का?" गृहस्थ वाचत राहिले. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. पान काही उलटेना. एव्हाना मला राग यायला लागला होता. एवढ्यात कारल्याच्या मांडवामागून आवाज आला.

"सर, ते आज बोलनार नाईत. शनवारी आले, तवापासून तेच पान वाचून राह्यले."

मागोमाग एक ठेंगणी बाई बाहेर आली. साठीच्या आसपासची, नऊवारी लुगडं, हातात विळा, आणि हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी. माझ्या काखेतल्या चार्टपेपरच्या गुंडाळीवरून तिनं मला मास्तर म्हणून ओळखलं होतं. मी जवळ जाऊन टोपीखाली वाकून पाहिलं. खाली काळं मडकं होतं, त्यावर चुन्यानं काढलेला चष्मा होता, आणि तो चष्मा नाकावर थोडा घसरलेला होता. हे घसरणं मला आजतागायत जमलेलं नाही.

त्या रुखमाकाकू, महादेवरावांच्या घरच्या. पुढची सहा वर्षं मी त्यांच्या त्या खोलीत राहिलो.

बुजगावणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं असं मी समजत होतो. समुद्रपूरकडे माझ्या वडिलांच्या कापसाच्या वावरातही असायचं एक. दोन काठ्यांची फुली, वर फाटका सदरा, संपलं. काकूंकडे असला प्रकार चालत नसे. त्यांच्याकडे पाहुणे येत. 'बुजगावणं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. "वांग्यात एक पाव्हना बसवला पाह्यजे," असं म्हणायच्या, आणि मग कुंपणातला बांबू, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, तणीस, जुने कपडे आणि एक फुटकं मडकं यांतून दुपारपर्यंत कुणीतरी यायचं. एक पाहुणा चपलेतला काटा काढत असे. एक उलट्या छत्रीत पाणी साठतंय का ते वाकून बघे. एक बाई दुसऱ्या बाईच्या कानात काहीतरी सांगायची, आणि त्या दुसऱ्या बाईनं तोंडावर पदर घेतलेला असायचा. काय सांगत असेल, याचा विचार करत मी शाळेत उशिरा पोचलोय.

हे सगळं कशासाठी, तर माकडांसाठी. जंगल जवळ. काळ्या तोंडाच्या वांदरांची टोळी सकाळी पळसाच्या झाडांवर येऊन बसायची आणि समोर टमाटर, वांगी, भेंडी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, असं सगळं पानात वाढून ठेवल्यासारखं. आजूबाजूच्या चार जणांनी भाजीपाला सोडून दिला होता. काकूंनी सोडला नव्हता.

"वांदर तीन दिवस शाळेत जाते, सर," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. "पयल्या दिवशी भेते. दुसऱ्या दिवशी पाह्यते. तिसऱ्या दिवशी इचार करते. चवथ्या दिवशी पास होते आनं येऊन पाव्हन्याच्या डोक्यावर बसते. म्हून तिसऱ्या दिवशी पाव्हन्यानं उठून दुसरं काई करू लागलं पाह्यजे."

म्हणजे दर तीन दिवसांनी नवं सुचायला हवं. वर्षभर. मला वर्षाला एक नवं चित्र सुचायची मारामार, म्हणून मी विचारलं, "काकू, संपत नाही का सुचायचं?"

त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू मी श्वास संपत नाही का असं विचारलं होतं. मग म्हणाल्या, "सुचाले मी कुठं बसते? मी तं मस्करी करते. करता करता हासू आलं का समजाचं जमलं. मलेच हासू नाई आलं, तं वांदराले काय भेव येईन?"

हीच त्यांची परीक्षा होती. पाहुणा बसवून झाला की त्या लांब बांधावर जायच्या, पाठ करून उभ्या राहायच्या आणि एकदम गर्रकन वळून बघायच्या. हसू फुटलं तर पाहुणा राहिला. नाही फुटलं तर तिथल्या तिथं मोडून तणीस परत ढिगावर. चांगला झालेला, मेहनतीनं केलेला पाहुणा त्यांनी असा मोडलेला मी पाहिलाय आणि माझा जीव हळहळलाय. त्यांचा नाही.

आणखी एक नियम होता, आणि तो मला सगळ्यात आवडायचा. "वांदराले समजलं पाह्यजे का याच्यातलं एक जितं आहे. पन कोनतं, ते समजलं नाई पाह्यजे." म्हणून रोज सकाळी अर्धा-पाऊण तास काकू स्वतः त्या पाहुण्यांमध्ये जाऊन उभ्या राहत. हात पसरून, नाहीतर वाकून, अजिबात न हलता. टोळी खाली उतरली, जवळ आली, की एकदम "काऊन रे?" म्हणून पुढे धावायच्या. वांदरं पळायची आणि काकू मागे उभ्या राहून पोटभर हसायच्या. त्यानंतर दोन दिवस टोळी प्रत्येक मडक्याकडे संशयानं पाही.

हा खेळ त्या लहानपणी शिकल्या. माहेर पवनारचं. तिथं उन्हाळ्यात धाम नदीच्या रेतीत त्यांच्या बापाची डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी, असायची, आणि राखणीला त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ वामन. एकानं बुजगावणं व्हायचं, दुसऱ्यानं त्याला हसवायचं. जो हसेल त्यानं दिवसभर पाणी भरायचं. "वामन्यानं लय पानी भरलं," काकू सांगायच्या. वामनमामा साठीजवळ आला तरी दर पोळ्याला यायचा आणि ही दोन म्हातारी भावंडं बांधावर एकमेकांसमोर दगडासारखी उभी राहायची. मी पंच. मामाच आधी हसायचा.

आता महादेवकाका. काकू जितक्या बोलक्या, तितकाच हा माणूस गप्प. उंच, वाळका, थंडीत सदैव एक तपकिरी कोट. दिवसाला दहा वाक्यं बोलत असतील, त्यातली चार बैलाशी. काकूंचं काम त्यांनी कधी अडवलं नाही, पण त्यांना ते पटतही नसे. "मानसानं वावरात काम करावं. हे काय पोरखेळ," एवढंच म्हणायचे आणि फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचे.

म्हणून एका हिवाळ्यात काकूंनी त्यांचाच पाहुणा केला. कोट धुवायचा म्हणून मागून घेतला आणि थेट बांबूवर चढवला. पाठीत किंचित बाक, हात मागे बांधलेले, मान भेंडीकडे. कुणाला काही सांगितलं नाही. दोन दिवस गाव त्या पाहुण्याला "रामराम, महादेवराव" करत होतं आणि उत्तर आलं नाही याचं एकालाही नवल वाटलं नाही. शेजारचा शेषराव तर धुऱ्याचं, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाचं, भांडण घेऊन आला, पाहुण्यासमोर दहा मिनिटं तावातावानं बोलला आणि शेवटी म्हणाला, "तुमी आयकून घेतलं, बरं वाटलं मले." असं म्हणून निघूनही गेला. काकू आणि मी मांडवाखाली बसून पदर आणि रुमाल तोंडात कोंबत होतो. काकांना कळलं तेव्हा त्यांनी कोट काढून घेतला, झटकला, अंगात घातला आणि पंप घेऊन गेले. पण धुऱ्याचं भांडण मिटलं ते मिटलंच.

माझं चित्रांशी असलेलं भांडणही काकूंनी असंच मिटवलं. शाळेच्या भिंतीवर मी दोन डोंगर, मधे उगवता सूर्य, एक झोपडी आणि एक नारळाचं झाड काढलं होतं. आधीच्या शाळेतही तेच काढलं होतं. त्याच्या आधीच्याही. हिंगणीत नारळ कुठून आला, हे मला कुणी विचारलं नव्हतं. काकू खिचडीसाठी सांबार द्यायला शाळेत आल्या आणि भिंतीसमोर उभ्या राहिल्या.

"सर, या घरात कोनी राह्यत नाई का?"

"राहत असतील की."

"मंग दार काऊन लावून आहे? अकरा वाजले, सूर्य अजून तेथीच. तुमाले हे काढताना हासू आलं होतं का?"

मला काहीही आलं नव्हतं. मला कंटाळा आला होता, बरीच वर्षं. त्याच महिन्यात आम्हा शिक्षकांना एक प्रशिक्षण झालं होतं आणि त्यात 'खेळातून सृजनशीलता' या विषयाला सकाळी दहा ते साडेदहा असा वेळ दिला होता. साडेदहाला चहा. मी त्याच्या नोंदी व्यवस्थित काढल्या होत्या. काकूंनी नोंदी न पाहता सांगितलं, "एक वांदर बसवा त्या झोपडीवर. बाकीचं ते पाहून घेईन."

मी वांदर काढलं. वांदराला बसायला जागा हवी म्हणून नारळाचा पळस केला. वांदरानं सूर्याकडे हात नेला, कारण तो त्याला टमाटर वाटला. मग झोपडीचं दार उघडून काठी घेऊन एक ठेंगणी बाई बाहेर आली. संध्याकाळ झाली, शिपाई कुलूप हातात घेऊन उभा, आणि मी शिडीवर, रंगानं माखलेला, एकटाच हसत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला दुसरा दिवस उजाडायची घाई झाली होती. काय सांगू तो आनंद.

मग पौषात पवनारहून फोन आला. वामनमामा गेला. सकाळी अंगणात बसल्या जागी.

काकू तेरा दिवस माहेरी राहिल्या. मी शाळेच्या तपासणीत अडकलो होतो. काका रोज वावरात होते, पाणी देत होते, खत घालत होते. पाहुणे जागच्या जागी उभे होते. त्यांना हलवायचं असतं, हे काकांना इतकी वर्षं शेजारी राबून सुचलंच नाही. चौथ्या दिवशी टोळी पास झाली. काकू परतल्या तेव्हा टमाटरं आणि वांगी अर्ध्याहून जास्त गेली होती, आणि पेपर वाचणाऱ्या गृहस्थांच्या मांडीवर एक वांदरीण आपल्या पिलाच्या उवा काढत बसली होती.

मला वाटलं, काकू हसतील. त्या हसल्या नाहीत. कुणावर रागावल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन काठ्यांची फुली बांधली, वर सदरा टांगला आणि घरात गेल्या. काठ्यांची फुली, रुखमाकाकूंच्या वावरात.

"काकू, हे काय?"

"हासू येत नाई, सर. जबरदस्तीनं केलं तं पाव्हना मेल्यावानी दिसते." आणि थोड्या वेळानं, "माया सामने कोन उभं राहीन आता?"

काकांनी त्याच आठवड्यात जेवताना सांगून टाकलं. होळीपर्यंत पाहू. टमाटर हाती नाही आलं तर वावर ठेक्यानं देऊन टाकू, धरणाकडे राखणदाराचं काम मिळतंय, ते करू. काकूंनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता मान हलवली. चाळीस वर्षं ज्या वावरासाठी त्या माकडांशी हुज्जत घालत होत्या, ते सोडायला त्यांनी एका शब्दानं नाही म्हटलं नाही. मला तो दिवस फार वाईट गेला.

मग मी पराक्रम केला. रविवारभर खपून एक पाहुणा बनवला. खांदे, कोपर, गुडघे सगळं प्रमाणात, मडक्यावर नाकडोळे तर इतके रेखीव की प्रदर्शनात ठेवावेत. काकूंनी बघितलं. म्हणाल्या, "सुंदर आहे. फोटो काढून ठेवजा." दुसऱ्याच दिवशी वांदरानं त्याच्या डोक्यावर बसून टमाटर खाल्लं. चौथ्या दिवसाचीही वाट पाहिली नाही.

होळीला महिना उरला असताना एका सकाळी मी दात घासत अंगणात उभा होतो. काका वावरात काहीतरी ठोकत होते. मी नीट पाहिलं आणि ब्रश तोंडातच राहिला. त्यांनी काकूंचं जुनं हिरवं लुगडं एका बांबूला गुंडाळलं होतं. दोन्ही हात कमरेवर. मडक्याला दगडानं भोक पाडून तोंड केलं होतं, आणि ते तोंड एवढं मोठं होतं की डोळ्यांना जागा उरली नव्हती, म्हणून डोळे कपाळावर गेले होते. पाहुणीचं तोंड वांदरांकडे असायला हवं. काकांनी तिला घराकडे तोंड करून उभं केलं होतं.

काकू चहाचा पेला घेऊन बाहेर आल्या आणि थांबल्या. चहावर साय धरली.

"अजी, हे कोन होय?"

"पाव्हनी," काका म्हणाले.

"मायं तोंड येवढं मोठं आहे?"

काकांनी हातातला दगड खाली ठेवला. "मडकं लहान भेटलं. नाई तं आनखी मोठं केलं असतं."

त्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. काकू बघत होत्या. ते बघत होते. एका बाजूला हा वाळका माणूस दगडासारखा उभा, दुसऱ्या बाजूला ती ठेंगणी बाई, आणि मधे ते जांभई दिलेलं मडकं. आणि काकूंच्या गालाची एक शीर उडाली. पेला हिंदकळला. त्या मटकन बांधावर बसल्या आणि हसू लागल्या, आणि हसता हसता कधी रडू लागल्या ते मला कळलं नाही. "वामन्या, वामन्या" म्हणत खूप रडल्या. काका जवळ जाऊन उभे राहिले. त्यांना पाठीवर हात ठेवायचा होता बहुतेक, पण सवय नव्हती, म्हणून त्यांनी पेला धरून ठेवला.

मग काकूंनी नाक पुसलं आणि उठल्या.

"कमरेवरचा हात असा नसते, अजी. हटा बाजूले."

त्या सकाळी मी शाळेत गेलोच नाही. किरकोळ रजा टाकली आणि तणीस वाहिलं. काकूंनी पाहुणीचे हात बदलले, तोंड तसंच ठेवलं. समोर काकांच्या कोटातला पाहुणा उभा केला, कानांत बोटं घातलेला. लांब बांधावर जाऊन पाठ केली, गर्रकन वळल्या, आणि असं हसू फुटलं की पळसावरची टोळी एक फांदी मागे सरकली. तिथून रोज काहीतरी नवं. कधी काकू सुचवायच्या, कधी मी, आणि आठवड्यातून एकदा, पंप पाठीवर घेता घेता, काका. "त्याच्या हाती फोन देऊन पाहा," असं काहीतरी म्हणायचे आणि चालू लागायचे. होळीला टमाटर आलं. सगळं नाही आलं, पण सेलूच्या बाजारात मांडण्याएवढं आलं. ठेक्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात माझी समुद्रपूरला बदली झाली. घरच्या गावी जातोय म्हणून सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि मी तोंड पाडून सामान बांधलं. काकू म्हणाल्या, "मी गाडीपाशी येत नाई. मले ते हात हालवनं जमत नाई. जाता जाता वावराकडे पाहजा."

मी गावातून एसटी धरली, आणि गुरं आडवी आली म्हणून ती नेमकी वावरासमोरच थांबली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पाच पाहुणे होते. पेपरवाले गृहस्थ, कानगोष्टी करणाऱ्या दोघी, मोठ्या तोंडाची पाहुणी, आणि तिच्यासमोर हात पसरून एका पायावर उभा असलेला कोटातला पाहुणा. यातलं एक जितं आहे, हे मला ठाऊक होतं. मी लुगडी निरखत होतो. कानगोष्टीतल्या दोघींपैकी डावी काकू की उजवी? कुणी हलेना. गुरं निघून गेली, ड्रायव्हरनं गिअर टाकला.

तेवढ्यात मे महिन्याच्या उन्हात तपकिरी कोट घातलेला तो पाहुणा एका पायावर डुगडुगला. पसरलेला एक हात हळूच खाली आला आणि त्यानं नाक खाजवलं.

कारल्याच्या मांडवामागून आवाज आला, "अजी, हालू नका ना. सर पाहून राह्यले."